‘कशावरून?’ : वाचताना दावा आणि पुरावा ओळखायला मुलांना कसे शिकवावे

मराठी पाठ्यपुस्तकांच्या स्वाध्यायात ‘कारणे द्या’ हा प्रश्न कित्येक वर्षे ठाण मांडून बसला आहे आणि त्याचे उत्तर कसे काढायचे हे पाचवीतल्या मुलालाही पक्के ठाऊक असते. प्रश्नातले वाक्य पाठात हुडकायचे, त्याच्या आगेमागे ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ दिसते का ते पाहायचे आणि शेजारचे वाक्य वहीत उतरवायचे. उत्तर बरोबर येते, गुणही मिळतात. पण त्याच मुलाला पुस्तकाबाहेरचा दहा ओळींचा उतारा देऊन ‘लिहिणाऱ्याला तुझ्याकडून काय मान्य करून घ्यायचे आहे, आणि ते तू मान्य करावेस म्हणून त्याने तुझ्यापुढे काय ठेवले आहे?’ असे विचारले, की मूल बहुधा पहिली ओळ वाचून दाखवते, नाहीतर सगळा उताराच पुन्हा सांगू लागते. याचा दोष मुलाच्या बुद्धीकडे जात नाही. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेलाच नसतो.

या कामासाठी मराठीने आपल्याला एक फार सोयीचा शब्द दिला आहे, तो म्हणजे ‘कशावरून?’. ‘रात्री पाऊस पडला’ असे कोणी म्हटल्यावर आपण ‘का पडला?’ असे विचारले, तर उत्तर ढगांविषयी आणि वाऱ्याविषयी येईल, ‘कशावरून?’ असे विचारले, तर ‘अंगण ओले आहे, दोरीवरचे कपडेही भिजलेत’ असे येईल. पहिल्या उत्तरात पाऊस पडण्याचे कारण आहे, दुसऱ्यात पाऊस पडला असे मानण्याचा आधार आहे. अंगण ओले झाले म्हणून काही पाऊस पडत नाही. घोटाळा होतो तो ‘कारण’ या शब्दाने, कारण तो दोन्ही ठिकाणी चालतो : ‘पाऊस पडला, कारण ढग दाटून आले होते’ आणि ‘पाऊस पडला असणार, कारण अंगण ओले आहे’. मुलांना हा फरक एकदा कानाने कळला, की पुढचे निम्मे काम झाले असे मी समजते. म्हणून ‘मुद्दा’, ‘युक्तिवाद’, ‘समर्थन’ हे जड शब्द मी सुरुवातीला वर्गात आणतच नाही. पाचवीपर्यंत ‘म्हणणे’ आणि ‘आधार’ एवढे दोन शब्द पुरतात. सहावीनंतर त्यांच्या जागी ‘दावा’ आणि ‘पुरावा’ आणावेत. हे दोन्ही शब्द मुलांनी बातम्यांत ऐकलेले असतात.

पुस्तक उघडण्याआधी

पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे निव्वळ तोंडी काम करावे. एका मुलाने एक विधान करायचे, दुसऱ्याने ‘कशावरून?’ असे विचारायचे, आणि पहिल्याने पाहिलेले, ऐकलेले, मोजलेले किंवा वाचलेले असे काहीतरी सांगायचे, एवढाच नियम. ‘आज खिचडी आहे’ असे एकाने म्हटल्यावर एका तासाला माझ्याकडे तीन आधार आले : वास येतो आहे, भिंतीवरच्या आहाराच्या तक्त्यात आजच्या वारापुढे खिचडी लिहिली आहे, स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी सांगितले. यांतला सर्वांत पक्का आधार कोणता, यावर वर्गात चांगली जुंपली. तक्त्याच्या बाजूने असलेल्या मुलाला एकाने आठवण करून दिली की मागच्या आठवड्यात तक्त्यात उसळ होती आणि ताटात वरणभात आला होता. लिहिलेले ते खरेच असते असे नाही, ही गोष्ट मुलांना अशी सहज सापडू द्यावी. ती आपण फळ्यावर लिहून दिली तर तीही ‘कारणे द्या’च्या उत्तरासारखी पाठ होते.

याच खेळात एखादे मूल ‘मला आंबा आवडतो’ असे म्हणते आणि शेजारचे सवयीने ‘कशावरून?’ विचारते. सगळे हसतात. तिथे थांबावे आणि ‘आंबा हे सर्वांत चांगले फळ आहे’ असे म्हटले तर ‘कशावरून’ विचारता येईल का, हे मुलांना विचारावे. आवड सांगणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. पण तीच आवड सर्वांना लागू करू पाहणाऱ्याकडे तो मागता येतो. ही रेषा मुले चटकन ओळखतात.

दुसऱ्या आठवड्यात क्रियापदांकडे वळावे. ‘पाऊस पडला’, ‘पाऊस पडला असणार’, ‘पाऊस पडला असावा’, ‘पाऊस पडला वाटतं’, ‘पाऊस पडला म्हणे’ ही पाच वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून प्रत्येक वाक्य बोलणाऱ्या माणसाने नेमके काय पाहिले असेल, ते मुलांना सांगायला लावावे. पहिला पावसात उभा होता. दुसऱ्याने ओले अंगण पाहिले. तिसऱ्याला गारवा जाणवतो आहे, पण तो पैज लावणार नाही. पाचव्याने स्वतः काहीच पाहिलेले नाही, त्याला कोणीतरी सांगितले. (चौथ्याविषयी मुलांचे कधीच एकमत होत नाही, आणि ते व्हावे असा आग्रहही धरू नये.) आपण किती आधारावर बोलत आहोत हे मराठी माणूस वाक्याच्या शेपटात सांगून टाकतो, आणि मुले हे सगळे रोज वापरत असतात, फक्त त्याकडे त्यांनी मुद्दाम पाहिलेले नसते. पुढे वृत्तपत्र हातात आले, की ‘असल्याचे समजते’, ‘अशी चर्चा आहे’, ‘असे सूत्रांनी सांगितले’ ही ‘म्हणे’चीच इस्त्री केलेली भावंडे आहेत, हे मुलांना वेगळे समजवावे लागत नाही.

कोणता उतारा घ्यावा

इथे एक गोष्ट नीट वेगळी ठेवायला हवी, कारण शिक्षकही ती अनेकदा एकत्र करतात. गोष्टीच्या पाठावर ‘आजी धीट होती, कशावरून?’ असा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा म्हणणे आपले असते आणि त्याला आधार मूल पाठातून शोधते : आजी अंधारात एकटी गोठ्यात गेली, तिने काठी उचलली. हे चांगले काम आहे आणि तिसरी-चौथीसाठी तेच करावे. पण मतप्रदर्शन करणाऱ्या लेखात म्हणणेही लेखकाचे असते आणि आधारही त्याचाच असतो. वाचकाला ते दोन्ही ओळखून त्यांच्यातले नाते तपासायचे असते. पहिले येते म्हणून दुसरे आपोआप येईल, असे समजू नये.

पाठ्यपुस्तकात कथा, आठवणी आणि माहितीपर पाठ भरपूर असतात. लहान मुलांना पेलेल असा पटवून देणारा मजकूर त्या मानाने थोडा सापडतो. वृत्तपत्रातली वाचकांची पत्रे सातवीपासून उत्तम चालतात, कारण ती लहान असतात आणि त्यांत एकच म्हणणे असते. अग्रलेख मात्र नववीपूर्वी नको. सातवीखालच्या वर्गांसाठी शिक्षकाने स्वतःच आठ-दहा वाक्यांचा उतारा लिहावा हे बरे. विषय मुलांच्या जिवाशी भिडणारा असावा, लेखकाचे म्हणणे शेवटी यावे म्हणजे पहिल्या ओळीवर बोट ठेवण्याची सवय मोडते, आणि उताऱ्यात एक-दोन वाक्ये मुद्दाम कच्ची ठेवावीत. सगळाच पुरावा भक्कम असलेल्या उताऱ्यातून मुले फारसे काही शिकत नाहीत.

एक उतारा, दोन तासिका

पाचवीसाठी मी वापरलेला हा उतारा आहे. वाक्यांना क्रमांक दिले आहेत, ते चर्चेच्या सोयीसाठी.

(१) आमची शाळा सकाळी सातला भरते. (२) त्यासाठी मला साडेपाचला उठावे लागते. (३) सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. (४) आमच्या इमारतीतल्या पाचवीच्या सहा मुलांना मी विचारले, तेव्हा चौघांनी आपण रात्री साडेदहानंतर झोपतो असे सांगितले. (५) माझा धाकटा भाऊ पहिल्या तासाला पेंगतो. (६) डिसेंबरात तर पहाटे फार थंडी असते. (७) शेजारच्या शाळेची वेळही नऊची आहे. (८) काही पालक म्हणतात, मुलांनी लवकर झोपावे म्हणजे प्रश्न सुटेल. (९) पण माझे आई-बाबा कामावरून नऊला घरी येतात आणि जेवण होईपर्यंत दहा वाजतात. (१०) म्हणून शाळा नऊला भरावी.

पहिल्या तासिकेत उतारा दोनदा मोठ्याने वाचावा आणि मग कागद उलटा ठेवायला सांगावे. ‘हा मुलगा आपल्याला काय करायला सांगतो आहे?’ एवढेच विचारावे. कागद पुढे नसला, की मुले वाक्य उचलत नाहीत, आशय सांगतात. म्हणणे ठरल्यावर दहाही वाक्यांच्या कागदी पट्ट्या कापाव्यात. वर्गाच्या मधोमध जमिनीवर दहावी पट्टी ठेवावी आणि बाकीची एकेक पट्टी हातात घेऊन तिच्यापुढे ‘म्हणून शाळा नऊला भरावी’ हे शब्द जोडून मोठ्याने म्हणायला लावावे. ‘माझा भाऊ पहिल्या तासाला पेंगतो, म्हणून शाळा नऊला भरावी’ हे कानाला पटते. ‘आमची शाळा सातला भरते, म्हणून शाळा नऊला भरावी’ असे म्हटले, की मुलेच नाही म्हणतात. पहिली पट्टी खोटी नाही, तिच्यावाचून उतारा समजणारही नाही, पण ती निव्वळ माहिती आहे. म्हणण्याला टेकू देण्याचे काम ती करत नाही. ती बाजूला जाते.

सहाव्या पट्टीवर माझा वर्ग अडला. ‘डिसेंबरात फार थंडी असते, म्हणून शाळा नऊला भरावी’ हे बहुतेकांना चालले. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, मग मार्चमध्ये ऊन असतं म्हणून सातलाच भरवायची का?’ उन्हाळा लागला की आपल्याकडे अनेक शाळा खरोखरच सकाळच्या होतात, हे त्या मुलाला माहीत होते. ज्या आधाराने आज एक गोष्ट सिद्ध होते आणि तीन महिन्यांनी तिच्या उलट गोष्ट, तो आधार वर्षभराच्या म्हणण्याला पुरत नाही. पट्टी फेकली नाही. तिच्यावर पेन्सिलीने ‘फक्त हिवाळा’ असे लिहून ती थोडी दूर ठेवली.

उताऱ्याचा खरा जीव दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात आहे, आणि त्यासाठी दुसरी तासिका पूर्ण राखून ठेवावी. तिसरे वाक्य एकटे घेतले तर त्यावरून काहीच ठरत नाही : मुलांना नऊ तास झोप हवी, बरे, मग? साडेदहाला झोपणे आणि साडेपाचला उठणे यांच्यामध्ये सात तास होतात, सात हे नऊपेक्षा कमी आहेत, आणि म्हणून सातच्या शाळेत झोप अपुरी पडते. ‘सात तास’ हे शब्द उताऱ्यात कुठेही नाहीत. ती वजाबाकी वाचणाऱ्याने करायची असते. मुलांनी ती फळ्यावर केल्यानंतर या तीन पट्ट्या सुतळीने एकत्र बांधाव्यात, म्हणजे काही पुरावे सुटे उभे राहतात आणि काही मोळीने, हे डोळ्यांना दिसते. त्यानंतर ‘या मोळीत काही सैल आहे का?’ असे विचारावे. एका मुलीने चौथी पट्टी उचलून विचारले, ‘ती चार मुलं याच शाळेत जातात असं कुठं लिहिलंय?’ लिहिलेले नव्हते. उतारा मी स्वतः लिहिला होता आणि ही फट माझ्याही ध्यानात आली नव्हती.

आठवे वाक्य मात्र जवळजवळ प्रत्येक वर्गात पाय अडकवते. मुलांना ते लेखकाचेच म्हणणे वाटते आणि मग लेखक एकदा लवकर झोपा म्हणतो, एकदा शाळा उशिरा भरवा म्हणतो, अशी तक्रार येते. समोरच्याचे म्हणणे आधी मांडून मग त्याला उत्तर द्यायचे, ही लिहिण्याची रीत मुलांनी बोलण्यात अनुभवलेली असते (‘तू म्हणशील पैसे नाहीत, पण…’), मात्र कागदावर तिचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून आठवे आणि नववे वाक्य दोन मुलांना उभे करून संवादासारखे वाचायला लावावे. ‘काहींच्या मते’, ‘असे म्हटले जाते’, ‘हे खरे, पण’, ‘असे असले तरी’ हे शब्द दिसले, की इथे दुसरा माणूस बोलतो आहे का, हे विचारण्याची सवय लावावी. नववे वाक्य चोख उत्तर आहे का, हा पुन्हा वेगळा प्रश्न : ते एकाच घराविषयी आहे, आणि मुलांना आपापल्या घरची जेवणाची वेळ माहीत असल्याने त्यावर भरपूर बोलता येते.

हे सगळे झाल्यावरच मुलांना सांगावे की हा वाद कल्पनेतला नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला आणि त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण दिले. उलट बाजूने, एकाच इमारतीत दोन सत्रांत शाळा भरत असेल तर दुपारच्या वर्गांचे काय करायचे आणि शाळेच्या बसगाड्यांच्या फेऱ्या कशा बसवायच्या, हे प्रश्न उभे राहिले. आपल्या उताऱ्यातला मुलगा पाचवीत असेल तर हा निर्णय त्याला लागूही होत नाही, हे मुलांनी स्वतःच शोधले तर उत्तम. दोन सत्रांची अडचण सांगणाऱ्याने आपल्या म्हणण्यासाठी कोणता पुरावा आणावा, यावर पाच ओळी लिहायला द्याव्यात. आपल्याला न पटणाऱ्या बाजूसाठी पुरावा शोधणे मुलांना आधी जिवावर येते, पण नेमक्या याच कामात ती सर्वाधिक शिकतात.

मधला न बोललेला दुवा

आठवीच्या पुढे आणखी एक पायरी चढता येते. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाचे एक उदाहरण आहे : डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. पहिले वाक्य ती प्रतिज्ञा, म्हणजे आपला दावा. दुसरा हेतू, म्हणजे पुरावा. आणि ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा नियम उदाहरणासह स्पष्ट सांगितलेला असतो. रोजच्या लिखाणात हाच नियम गाळलेला असतो, कारण लिहिणाऱ्याला तो उघड वाटतो. तो शोधून काढणे म्हणजे मधला दुवा शोधणे.

याच्या सरावासाठी जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे शिक्षणाची पाहणी करायला इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे, केलेली मांडणी मला फार उपयोगी वाटते. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या कष्टातून येतो, वरच्या आणि श्रीमंत वर्गांचा त्यात वाटा अगदी थोडा. तरी सरकारचा शिक्षणावरचा खर्च मुख्यतः त्याच वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. म्हणून सरकारने बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष द्यावे आणि ते निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. मुलांना विचारावे : महसूल शेतकऱ्याकडून येतो हा पुरावा आणि शिक्षण शेतकऱ्याच्या मुलांना मिळावे हा दावा, यांच्यामध्ये कोणता नियम धरून चालले आहे? ‘ज्याच्या पैशातून खर्च होतो त्याला त्याचा लाभ मिळायला हवा’ हे उत्तर थोड्या धडपडीने येते. मग दुसरा प्रश्न : हा नियम आयोगावर बसलेल्या अधिकाऱ्यांना नाकारता आला असता का? इथे मुलांच्या ध्यानात येते की चांगला युक्तिवाद करणारा माणूस असा नियम निवडतो जो समोरच्यालाही सहजासहजी झिडकारता येत नाही.

पुरावा किती भक्कम?

पुरावा ओळखणे आणि त्याचे वजन करणे ही दोन निराळी कामे आहेत आणि दुसरे काम शिकवायला आपल्या म्हणींसारखे साधन नाही. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण तर नमुन्याविषयीचा पाठच आहे. एका शितावरून सगळा भात शिजला हे का कळते? कारण तांदूळ एकच, पातेले एक, आच एक. हेच वेगवेगळ्या पातेल्यांतल्या भाताविषयी म्हणता येईल का? घरी हा प्रयोग करून यायला सांगितला, तर कुणीतरी तळाशी करपलेल्या भाताची हकीगत घेऊन येतेच, आणि शीत कुठून उचलले यालाही महत्त्व आहे हे त्यातून निघते. त्यानंतर ‘आमच्या इमारतीतली सहा मुले’ या वाक्याकडे परत जावे : ही सहा शिते किती मोठ्या पातेल्याबद्दल सांगू शकतात?

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही दुसरी म्हण. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींपैकी पहिलीमुळेच दुसरी घडली, असे लिहिलेले वाक्य सापडले, की मुलांनी वहीच्या समासात नुसता ‘कावळा’ काढावा. ही खूण माझ्या वर्गात इतकी रुळली, की मुले एकमेकांच्या निबंधांतही कावळे काढू लागली आणि मला ते काही दिवस आवरावे लागले. तिसरी, ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’, हिला स्पष्टीकरण लागत नाही : ‘निःसंशय’, ‘सर्वांनाच ठाऊक आहे’, ‘हे सांगायला नकोच’ अशा शब्दांनी ताट वाढलेले असते, पण त्यात खायला काही नसते.

कावळ्याची शंका फेडायची कशी, हे दाखवायला मुंबईतलेच उदाहरण आहे. १८९६ साली शहरात प्लेग आला आणि जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट धैर्याची खरी, पण लस उपयोगी आहे याचा तो पुरावा नाही : त्यांना प्लेग झाला नाही, तसा तो न टोचलेल्या असंख्य लोकांनाही झाला नव्हता. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात ज्या कैद्यांची तयारी होती त्यांना लस टोचली. उरलेले कैदी त्याच आवारात राहत होते, आणि लस घेतलेल्यांमध्ये प्लेग बराच कमी झाला. पातेले एक, आच एक, फरक फक्त लशीचा. आपल्या हाती एक उदाहरण आहे की एक तुलना आहे, हा प्रश्न विचारायला मुले यातून शिकतात. एक मुलगा मात्र म्हणाला, ‘पण जे तयार झाले ते आधीपासूनच धडधाकट असतील तर?’ अशा वेळी घाईने उत्तर देऊ नये. तो प्रश्न तसाच फळ्यावर राहू द्यावा.

जिथे काम फसते

म्हणणे लाल आणि पुरावा हिरवा, असे रंगवायला देण्याची पद्धत दिसायला छान आहे, पण मुले पंधरा मिनिटांत सगळा उतारा रंगवून मोकळी होतात आणि तपासायला काही उरत नाही. रंग द्यायचेच असतील तर पुरावा म्हणून जास्तीत जास्त तीनच वाक्ये रंगवता येतील अशी अट घालावी. निवड करावी लागली की विचार करावा लागतो. दुसरी चूक म्हणजे ‘तुला हे पटते का?’ हा प्रश्न फार लवकर विचारणे. मुलाला शाळा उशिरा भरायला हवीच असते, त्यामुळे त्याला सगळाच पुरावा भक्कम दिसतो. आधी लेखकाने काय केले ते, मग आपले मत, हा क्रम मोडू नये. कृतिपत्रिकेतल्या ‘स्वमत’ प्रश्नांची उत्तरे अनेकदा पोकळ होतात, त्याचे एक मूळ हा क्रम उलटण्यात आहे असे मला वाटते.

आणखी एक सांगायलाच हवे. शाळेत शिकलेला ‘कशावरून?’ मूल घरी आजोबांवर वापरते आणि तो उद्धटपणा ठरतो. मग पालकांची तक्रार आपल्याकडे येते. प्रश्न तोच ठेवून त्याचा सूर बदलायला शिकवावे : ‘आजोबा, तुम्हाला हे कुठून कळलं?’, ‘तुम्ही स्वतः पाहिलं होतंत का?’ असे विचारले, की बहुतेक आजोबा खुलून गोष्ट सांगतात आणि पुरावाही मिळतो. घरच्या सरावाला वेगळे पुस्तक नको. जाहिरातीतली एखादी ओळ, दुकानावरची पाटी, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरत आलेला निरोप, यांपैकी आठवड्याला एक पुरे.

दोन-तीन महिन्यांनी हे कितपत रुजले ते पाहायचे असेल, तर उतारा देऊच नये. फक्त एक म्हणणे द्यावे आणि ‘यासाठी तुम्ही कोणता पुरावा गोळा कराल?’ असे विचारावे. मी ‘आपल्या गावच्या एसटीच्या थांब्यावर शेड हवी’ हे म्हणणे दिले होते. सुरुवातीला आलेली उत्तरे अपेक्षित होती : ऊन लागते, म्हातारी माणसे असतात, पावसात भिजायला होते. मग एका गटाने दुपारी बारा ते तीन या वेळात थांब्यावर किती माणसे उन्हात उभी असतात ते तीन दिवस मोजायचे ठरवले. त्यावर एक मुलगी म्हणाली, ‘बाजारच्या दिवशी मोजायचं नाही, त्या दिवशी गर्दी जास्तच असते.’ तिच्या शेजारचा मुलगा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मोजू या की, पण तो दिवस वेगळा लिहू.’